त्वचेचा कर्करोग आणि सरसकट तपासणी

लखनौ शहराच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, जानकीपुरम ही वसाहत आहे. गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी प्रासादात १९५१ साली सुरू झालेली केंद्रीय औषधी संशोधन संस्था आता याच वसाहतीच्या विस्तारित भागात नव्या वास्तूत नांदत आहे. वैशाख-ज्येष्ठात या भागात ‘लू’ वाहू लागली म्हणजे सायकलस्वार आणि मजूर तोंडाला गमछा गुंडाळून हिंडू लागतात. गमछा लू टाळण्यासाठी असतो. उन्हाने कर्करोग होईल, ही भीती त्यामागे नसते. आणि ती नसणे फारसे चुकीचेही नाही. ऑस्ट्रेलियात वयाच्या सत्तरीपर्यंत दर तिघांपैकी निदान दोघांना त्वचेच्या कर्करोगाचा काही ना काही प्रकार होतो, असा तेथील कर्करोगविषयक संस्थांचा हिशेब आहे. भारतात मात्र सर्व कर्करोगांपैकी त्वचेच्या कर्करोगाचा वाटा शेकडा एक-दोन एवढाच भरतो. ऊन दोन्हीकडे प्रखर आहे. मग एवढा फरक का पडावा? आणि जो रोग एका देशात घरोघरी आढळतो व दुसऱ्या देशात क्वचित दिसतो, त्याचा शोध दोन्ही देशांत एकाच रीतीने घ्यावा काय? या दोन प्रश्नांपैकी पहिला सोपा आहे. दुसऱ्याने मात्र जगभरच्या वैद्यकतज्ज्ञांना गेली कित्येक वर्षे बुचकळ्यात टाकले आहे.

त्वचेची छत्री

सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या किरणांच्या पलीकडे काही किरण असतात. त्यांना जंबुपार अथवा अतिनील किरण म्हणतात. हे किरण त्वचेच्या वरच्या थरांतील पेशींत शिरून त्यांच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड करतात. या द्रव्याच्या लांबलचक साखळीत शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटून बसतात आणि तेवढ्या जागी पेशीची ‘संहिता’ वाचता येईनाशी होते. पेशीजवळ दुरुस्तीची यंत्रणा असते. ती बिघडलेला तुकडा कापून काढते व त्या जागी नवा बसवते. काही मुलांमध्ये ही यंत्रणा जन्मतःच अधू असते. त्यांना थोड्याशा उन्हानेही बालपणातच त्वचेचे कर्करोग होतात. या रोगामागे दुरुस्तीचाच दोष आहे, हे जेम्स क्लीव्हर या शास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले. ऊन आणि कर्करोग यांचा संबंध सिद्ध करणारा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

दुरुस्तीच्या आधी संरक्षणाची पायरी येते. त्वचेतील काही पेशी ‘मेलॅनिन’ नावाचे काळसर रंगद्रव्य तयार करतात व ते शेजारच्या पेशींना वाटून देतात. त्या पेशींमध्ये हे रंगद्रव्य केंद्रकाच्या वरच्या बाजूस छत्रीसारखे पसरते. सावळ्या त्वचेत ही छत्री दाट असते, गोऱ्या त्वचेत विरळ. ऑस्ट्रेलियात आज राहणारे बहुसंख्य लोक उत्तर युरोपातून गेलेल्यांचे वंशज आहेत. ढगाळ हवेला साजेशी त्वचा घेऊन ते भर उन्हाच्या देशात आले. भारतीयांच्या सावळेपणाची ज्यांना खंत वाटते, त्यांनी या छत्रीची किंमत एकदा मनाशी करून पाहावी.

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. बाह्यत्वचेच्या अगदी तळच्या पेशींत उद्भवणारा पहिला. तो सावकाश वाढतो व सहसा दूर पसरत नाही. वरच्या चपट्या, शल्कासारख्या पेशींत होणारा दुसरा. तो वेळीच न काढल्यास जवळच्या लसीका-ग्रंथींत जाऊ शकतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा तिसरा. यालाच ‘मेलॅनोमा’ म्हणतात. तिन्हींत हा विरळा, पण सर्वांत घातक. त्वचेत तो काही मिलिमीटर खोल उतरला, की शरीरभर पसरण्याचा संभव झपाट्याने वाढतो. आंतरराष्ट्रीय गणनेनुसार २०२२ साली जगात मेलॅनोमाचे सुमारे ३ लाख ३० हजार आणि इतर प्रकारांचे सुमारे १२ लाख ३० हजार नवे रुग्ण नोंदले गेले. दुसरा आकडा खऱ्यापेक्षा कमीच समजावा. कारण पहिल्या दोन प्रकारांतील गाठी वैद्य आपल्या दवाखान्यातच कापून टाकतात, आणि अनेक देशांच्या कर्करोग-नोंदवह्यांत त्यांची गणतीच होत नाही.

भारतात मेलॅनोमाचे प्रमाण वर्षाला लाख लोकांत एकाहूनही कमी आहे. शिवाय तो जेथे होतो ती जागाही वेगळी. गोऱ्या लोकांत तो पाठीवर वा पायांवर, उन्हाने पोळलेल्या भागी आढळतो. आपल्याकडे त्याचा बराच मोठा वाटा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली दिसतो, म्हणजे जेथे ऊन फारसे पोचत नाही अशा ठिकाणी. हा प्रकार उन्हामुळे होत नाही. तळपायाचा काळा डाग ठेच, कुरूप किंवा चिखल्या समजून सोडून दिला जातो आणि रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

धोतर, लुगडे आणि कांगडी

भारतातील त्वचेच्या कर्करोगाची कथा सूर्यापेक्षा माणसांच्या सवयींशी अधिक निगडित आहे. मुळात त्वचेच्या कर्करोगाचे शास्त्रच सवयी आणि व्यवसाय यांच्या निरीक्षणातून जन्मास आले. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या वृषणाच्या त्वचेवर पुढील आयुष्यात होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, असे लिहिले. पुढे १९१५ साली यामागिवा व इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून प्रयोगशाळेत प्रथमच कर्करोग निर्माण करून दाखवला. लखनौच्याच विषविज्ञान संशोधन संस्थेत मूषकांच्या त्वचेवर निरनिराळी रसायने लावून जे प्रयोग झाले, ते याच परंपरेतील होत.

काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत लोक अंगातल्या सैल फिरनच्या आत कांगडी बाळगतात. वेताच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे व त्यात धगधगते निखारे, अशी ही हिंडती शेगडी. बसल्यावर ती मांड्यांमध्ये धरतात, चालताना पोटाशी. वर्षानुवर्षे त्याच जागी शेक बसून त्वचेवर जाळीदार तांबूस-काळे डाग उमटतात, मग ती खरखरीत होते, आणि कित्येक वर्षांनी तेथे न भरून येणारा व्रण पडतो. श्रीनगर येथे काम करणारे मिशनरी वैद्य विल्यम एल्म्स्ली यांनी १८६६ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. उतारवयात मांडीवर किंवा पोटावर कर्करोग होणे इतरत्र अपवाद होता. काश्मीरच्या रुग्णालयांत तो नित्याचा होता.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उचलली. भारतातील विकृतिशास्त्राच्या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांच्या चालीरीतींशी कर्करोगाचे नाते जुळते काय, हा त्यांच्या विशेष जिज्ञासेचा विषय होता. १९४५ साली त्यांनी आपल्या सहकारी सूर्याबाई यांच्यासह भारतात आढळलेल्या तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकाला ‘धोतराचा कर्करोग’ असे नाव पडले. धोतर कंबरेभोवती एकाच जागी घट्ट कसले जाते. घाम, मळ आणि घर्षण यांमुळे तेथील त्वचेचा रंग प्रथम बदलतो, ती जाड व खवल्यांची होते, चिरते, पुन्हा भरते, पुन्हा चिरते. हे चक्र वीस-तीस वर्षे चालले, की एखाद्या वेळी भरून काढणाऱ्या पेशींनाच थांबण्याचे भान राहत नाही.

पुढील काळात शहरांतून धोतर मागे पडले. पण साडीच्या आतील परकराची नाडी तेच काम करीत राहिली, व ‘साडीचा कर्करोग’ हा शब्द मुंबईच्या शल्यवैद्यांच्या लेखनात आला. २०२४ साली वर्धा येथील व बिहारमधील मधुबनी येथील वैद्यांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांचा वृत्तांत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांतील एकीने आयुष्यभर लुगडे नेसले होते. आत परकर नव्हता, पण कंबरेची गाठ घट्ट होती. तिचा रोग जांघेतील लसीका-ग्रंथीपर्यंत गेलेला होता. त्यामुळे दोष परकराचा नसून करकचून बांधण्याचा आहे, हे स्पष्ट झाले. उपायही तितकाच साधा: नाडीऐवजी रुंद पट्टी, बांधण्याची जागा अधूनमधून बदलणे, आणि घरात असताना सैल वस्त्र. आपल्या घरातल्या आजीच्या कंबरेवर काळपट वळ आहे हे नातवंडांनाही ठाऊक असते. त्या वळावर एखादी जखम दोन महिन्यांत भरली नाही, तर ती दाखवावयास हवी, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. ती दुखत नाही, म्हणून तिची चर्चा होत नाही; आणि त्या जागेविषयी बोलण्याचा संकोच असतो तो निराळाच. जुन्या भाजलेल्या जखमेच्या वणावर किंवा कुष्ठरोग्याच्या पायाच्या चिघळत्या व्रणावर होणारा कर्करोग याच जातीचा.

सर्वांनाच तपासावे काय?

रोग लवकर सापडला तर बरा होतो. मग प्रत्येकाची त्वचा वर्षातून एकदा नखशिखान्त तपासून का घेऊ नये? ज्यांना काहीही तक्रार नाही अशा निरोगी लोकांची रोग हुडकण्यासाठी केलेली तपासणी म्हणजे सरसकट तपासणी. तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला तपासणे ही वेगळी गोष्ट आहे. ती नेहमीच करावी. येथे प्रश्न पहिल्या प्रकाराचा आहे.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. एका जिल्ह्यात एक लाख प्रौढांची त्वचा तपासली, आणि त्यांत पाच जणांना खरोखर मेलॅनोमा आहे असे समजा. तपासणारा वैद्य कुशल असून पाचांपैकी चौघांना ओळखतो. निरोगी माणसांच्या बाबतीत त्याची चूक शेकडा पाचच होते असेही धरू. आता निरोगी माणसे ९९,९९५. त्यांचे शेकडा पाच म्हणजे जवळजवळ ५,०००. म्हणजे चार खऱ्या रुग्णांबरोबर सुमारे पाच हजार धडधाकट माणसांना ‘संशयित’ ठरवले जाणार. त्यांची त्वचा कापावी लागणार, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागणार, आणि निकाल येईपर्यंतच्या रात्री त्यांना तळमळत काढाव्या लागणार. हाच वैद्य, याच कौशल्याने, जेथे लाखात पाचशे रुग्ण आहेत अशा ठिकाणी गेला, तर त्याच पाच हजार संशयितांबरोबर चारशे खरे रुग्ण सापडतील. तपासणी तीच राहिली, पण तिचे मोल शंभर पटींनी बदलले. म्हणून एखादा रोग किती आढळतो हे कळल्यावाचून त्याच्या तपासणीची चर्चाच करता येत नाही.

जेथे रोग पुष्कळ आहे तेथे तरी निर्णय सोपा असेल, असे वाटते. परंतु अनुभव तसा नाही. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात २००३-०४ साली वर्षभर मोठा उपक्रम झाला. सुमारे ३ लाख ६० हजार लोक तपासून घेण्यास आले. जवळजवळ १६ हजार जणांच्या त्वचेचे तुकडे काढले गेले आणि ५८५ मेलॅनोमा सापडले, म्हणजे एका मेलॅनोमामागे सुमारे सत्तावीस छेद. पुढील पाचएक वर्षांत त्या प्रांतातील मेलॅनोमाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटलेले दिसले. उत्साहाच्या भरात २००८ साली संपूर्ण देशात पस्तिशीवरील विमाधारकांना दर दोन वर्षांनी ही तपासणी उपलब्ध झाली. पण त्याच प्रांताचे मृत्यूंचे आकडे पुढे पुन्हा चढून पूर्वीच्या पातळीला गेले, आणि देशव्यापी तपासणीनंतर देशाच्या आकड्यांत अपेक्षित घट दिसली नाही. आरंभीची घट खरी होती, की मृत्यूंच्या नोंदीतील काही फरकामुळे ती तशी भासली, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. एका प्रांतातील थोड्या वर्षांच्या आकड्यांवर देशाचे धोरण उभारण्यातला धोका यात दिसून येतो.

अमेरिकेचा अनुभव याहून चमत्कारिक आहे. तेथे १९७५ नंतरच्या चार दशकांत मेलॅनोमाच्या निदानांचे प्रमाण सुमारे सहापट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. रोगच सहापट वाढला असता, तर मृत्यूही पुष्कळ वाढावयास हवे होते. २०२१ साली काही अमेरिकी वैद्यांनी याचा अर्थ असा लावला, की अधिक बारकाईने पाहणे, अधिक तुकडे काढणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली अधिक सहजतेने ‘कर्करोग’ म्हणणे, यांमुळे असे कित्येक डाग रोग ठरत आहेत, की जे त्या माणसाला जन्मभर काहीही इजा करणार नव्हते. याला अतिनिदान म्हणता येईल. ज्याला असे निदान मिळते तो आपण वाचलो म्हणून वैद्याचे आभार मानतो, आणि अशी बरी झालेली माणसे जितकी वाढतात तितका तपासणीचा लौकिक वाढतो.

यातच आणखी एक भ्रम मिसळतो. एखाद्याचा मृत्यू सत्तराव्या वर्षी होणार आहे असे समजा. रोग सदुसष्टाव्या वर्षी कळला तर तो निदानानंतर तीन वर्षे जगला. साठाव्या वर्षी कळला तर दहा वर्षे जगला. मृत्यूची तिथी तीच, पण ‘जगण्याची वर्षे’ तिप्पट झाली. म्हणून तपासणीची कसोटी एकच: तपासलेल्या व न तपासलेल्या अशा दोन सारख्या गटांत मृत्यूंची संख्या मोजणे, आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडणे. त्वचेच्या कर्करोगाबाबत असा प्रयोग ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये आरंभला गेला होता. परंतु पुढे पैशाअभावी तो थांबला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२३ साली पुन्हा सांगितले, की तक्रार नसलेल्या सर्वसाधारण लोकांची दृष्टितपासणी करावी वा करू नये हे ठरवण्यास पुरावा अपुरा आहे.

सरसकट तपासणी निरुपयोगीच असते, असा याचा अर्थ नव्हे. याचे उत्तर खुद्द महाराष्ट्रात मिळाले आहे. १९९९ सालापासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने, खेड्यांचे ५२ समूह चिठ्ठ्यांनी विभागून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग झाला. त्या रोगाला कारणीभूत विषाणूची एकदाच केलेली चाचणी ज्या गटाला मिळाली, त्या गटात त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून १९९८ साली सुरू झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, थोडे प्रशिक्षण मिळालेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरातील आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत वापरली आणि त्या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने घटले. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडे पुष्कळ आढळतो, त्याची पूर्वावस्था दीर्घ असते, आणि ती सोप्या उपायांनी नाहीशी करता येते. त्वचेच्या कर्करोगाबाबत भारतात यांतली पहिलीच अट पुरी होत नाही. ज्या आरोग्यसेविकेच्या दिवसाचे तास मोजके आहेत तिला गावातल्या प्रत्येकाची पाठ पाहण्यास लावणे, म्हणजे तिचे तितके तास दुसऱ्या कामातून काढून घेणे होय.

अंगाऐवजी पाणी

उत्तर प्रदेशात मात्र एका वर्गाच्या लोकांची त्वचा मुद्दाम तपासण्याला चांगले कारण आहे. गंगेच्या मैदानातील काही भागांत भूजलात आर्सेनिक, म्हणजे सोमलातील विषारी मूलद्रव्य, मिसळलेले असते. १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील पहिले रुग्ण ओळखले. २००३ च्या सुमारास उत्तर प्रदेशाच्या पूर्व टोकाच्या बलिया जिल्ह्यातही तेच आढळले. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यावर छातीवर व पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके उठतात, तळहात व तळपाय खडबडीत होऊन त्यांवर दाणे येतात, आणि त्यांतूनच पुढे कर्करोग उद्भवू शकतो. तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावरील अशाच पाण्याच्या प्रदेशात ४०,४२१ लोकांची त्वचा तपासली गेली. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हजारी १०.६ लोकांना त्वचेचा कर्करोग आढळला. इतक्या प्रमाणात रोग असेल तेथे वर मांडलेला हिशेब साफ पालटतो.

येथे तळहात पाहणे हे नुसते रोग शोधणे नसते. एका माणसाच्या हातावर दाणे दिसले, की त्याच्या घरचा हातपंप, आणि त्या पंपाचे पाणी पिणारी सारी कुटुंबे संशयाच्या कक्षेत येतात. त्यांतल्या मुलांच्या त्वचेवर अजून काही उमटलेले नसते. त्यांना वाचवण्याची वेळ हीच. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग, एवढी सुचवली आहे. ते पाणी दिसायला नितळ असते व चवीवरूनही काही कळत नाही. रासायनिक परीक्षेवाचून उपाय नाही. बांगलादेशात अशा लाखो नळकूपांची परीक्षा करून ज्यांचे पाणी दूषित निघाले त्यांची तोंडे तांबड्या रंगाने आणि ज्यांचे चांगले निघाले त्यांची हिरव्या रंगाने रंगवण्यात आली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही कोठून पाणी भरावयाचे हे त्या रंगांवरून समजत असे.